मळीच्या टाकीचा तळ कसा तपासतात?

गळीत हंगाम संपला की गटसभांतून एक प्रश्न हमखास येतो. "मळीची टाकी उभी आहे, गळत नाही, मग तिच्या तपासणीवर खर्च कशाला? तोच पैसा उसाच्या भावात घाला." प्रश्न रास्त आहे. आम्ही शेतकी खात्यातली माणसे. लोखंडाचे आमचे ज्ञान नांगराच्या फाळापुरते. तरी इंजिनिअरिंग विभागाकडून जे समजून घेतले ते सभासद बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

अमेरिकेत बोस्टन शहरी 15 जानेवारी 1919 रोजी 50 फूट उंचीची मळीची टाकी भर दुपारी फुटली. मळीचा लोंढा रस्त्यातून धावला, 21 माणसे गेली, दीडशेच्या आसपास जखमी झाली. ती टाकी आधीपासून गळत होती. पत्रे हवे होते त्यापेक्षा पातळ होते. जाडी मोजून पाहणारा कोणी असता तर!

लाल कुजीचा ऊस वरून बरा दिसतो. उभा चिरला की आत तांबडा आणि मधे पांढरे आडवे पट्टे. पत्रा असा चिरता येत नाही. त्यातून टाकीचा तळ पायावर बसलेला. खालून ओल शिरते आणि गंज खालच्या अंगानेच पत्रा खातो. आत उतरून पाहावे तर मळी आंबून निघालेला कर्बवायू तळाशी साचतो. त्याला वास नाही. माणूस उभा कोसळतो. पैशापेक्षा आम्हाला ही धास्ती मोठी वाटते.

म्हणून आवाजाने तपासायचे. सेकंदाला वीस हजारांहून जास्त कंपने असलेला आवाज आपल्या कानाला ऐकू येत नाही. असा आवाज पोलादात सेकंदाला सुमारे 5,900 मीटर वेगाने जातो. 10 मिलिमीटर पत्र्याच्या पलीकडच्या अंगावर आपटून तो सेकंदाच्या तीन लाखाव्या भागात परत येतो, त्यावरून जाडी कळते. पण कळते ती रुपयाएवढ्या जागेची. 12 मीटर व्यासाच्या टाकीचा तळ म्हणजे गुंठ्याहून थोडा जास्तच. चार ठिकाणची माती घेतली आणि चोपणाचा पट्टा नेमका मधे राहिला, असे माती परीक्षणात होते ना, तसेच.

यावर दुसरी रीत आहे. आवाज पत्र्यात आडवा सोडायचा. मोकळ्या रानात सोडलेले पाणी पसरून जिरते, पाटात सोडले की दोन्ही काठांच्या आधाराने लांब जाते. तसा हा आवाज पत्र्याच्या दोन्ही अंगांवर आपटत पुढे धावतो. वाटेत पत्रा झिजलेला वा चिरलेला असेल तर त्याचा काही भाग मागे फिरतो. या लहरींचे गणित मँचेस्टरचे प्राध्यापक होरेस लँब यांनी 1917 साली मांडले. म्हणून त्यांना लँब लहरी म्हणतात. म्हणजे बोस्टनची टाकी फुटायच्या दोनच वर्षे आधी! पण तपासणीच्या कामाला त्या लागायला 1950 नंतरचा काळ उजाडला.

उशीर का? कारण या लहरी भलत्या खोडकर. एका प्रकारात पत्र्याची दोन्ही अंगे एकदम फुगतात नि आकसतात, दुसऱ्यात पत्रा सापासारखा वळवळतो. शिवाय त्यांचा वेग कंपनांवर आणि पत्र्याच्या जाडीवर ठरतो. एकदम सुटलेल्या बैलगाड्या फडापासून कारखान्यापर्यंत पांगतात, तशी लहर पांगते आणि पडद्यावर कोणती खूण कशाची ते ओळखेनासे होते. म्हणून माहीतगार माणूस कंपने अशी निवडतो, की गर्दी कमी व्हावी.

आता सोय अशी, की टाकीच्या भिंतीबाहेर तळपत्र्याची जी कड निघालेली असते तिच्यावर यंत्र धरून लहर भिंतीखालून आत पाठवता येते. टाकी रिकामी करायला नको. मात्र सगळा तळ यातून दिसेल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. वळवळणारी लहर पत्र्यावरच्या मळीत झिरपून लवकर दमते, वेल्डिंगचा जोडही आवाज परत फेकतो, आणि खड्डा किती खोल ते नेमके सांगता येत नाही. संशयाची जागा सापडली, की टाकी रिकामी झाल्यावर तेथे जाडी मोजायचीच.

या बंद हंगामात आधी कडेची तपासणी आणि मग संशयाच्या जागी जाडी, असे काम ठरले आहे. दिवस गट कार्यालयाच्या फळ्यावर लिहू. पडद्यावरची रेघ पाहायला ज्यांना यायचे त्यांनी जरूर यावे. टाकीत डोकावायला मात्र कोणालाही परवानगी नाही, संचालकांनासुद्धा.