पावसाळ्यातील पक्का रंग आणि दुकानदाराची जबान

पावसाळा लागला की कापडाच्या धंद्याला सुस्ती येते, परंतु काउंटरवरचा किरकोळ माल चालू राहतो. आम्ही मूळचे कापडवाले. तथापि ओढणीबरोबर बांगड्या आणि बांगड्यांबरोबर काजळ-लिपस्टिक असे करता करता, कोकणातील अनेक दुकानांप्रमाणे आमच्याकडेही सौंदर्यप्रसाधनांचे एक कपाट उभे राहिले. २०२३ साली बकरी ईद २९ जूनला आली आणि २०२४ साली १७ जूनला, म्हणजे ऐन पावसात. साहजिकच वॉटरप्रूफ मेकअप मागणाऱ्या भगिनींची संख्या वाढली.

अशाच एका ईदच्या आदल्या दिवशी आम्ही एका मुलीला वॉटरप्रूफ काजळ, आयलायनर आणि लिपस्टिक विकली. "बेटी, रंग पक्का आहे, पावसात हलणार नाही," असे छातीठोकपणे सांगितले. चार दिवसांनी तिची आई दुकानात आली. म्हणाली, "भाई, माल तुमचा खरा. पावसात भिजली तरी रंग हलला नाही. पण मगरिबच्या वजूला पोरगी मोरीत उभी राहिली ती उभीच. साबणाने चोळून चोळून डोळे लाल झाले, रंग काही निघेना आणि नमाजची वेळ निघून गेली. तुम्ही टिकतो एवढेच सांगितलेत. काढायचा कसा ते सांगितले नाहीत."

आमच्याकडे उत्तर नव्हते. मालात खोट नव्हती, खोट आमच्या बोलण्यात होती. त्यानंतर आम्ही या मालाची नीट माहिती करून घेतली. ती आमच्या व्यापारी बांधवांच्या उपयोगी पडावी म्हणून येथे देत आहोत.

रंग टिकतो कशामुळे?

साध्या प्रसाधनात तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे पदार्थ असतात. त्यामुळे पाणी लागले की ते ओघळते. वॉटरप्रूफ मालात मेण आणि सिलिकॉनचा भाग मोठा असतो. खोक्यावर मधमाशीचे मेण, कार्नोबा मेण, डायमेथिकोन अशी नावे आढळतात. पुष्कळ मालात आयसोडोडेकेन नावाचा द्रवही असतो. तो हवेत उडून जातो आणि मागे रंगाचा पातळ पापुद्रा राहतो. हा पापुद्रा पाण्याला दाद देत नाही, मात्र तेलात सुटतो. म्हणून साबणाने घासण्यात अर्थ नाही. कापसावर थोडे खोबरेल तेल घ्यावे, मिटलेल्या पापणीवर अर्धा मिनिट धरावे, हलक्या हाताने पुसावे आणि मग तोंड धुवावे. डोळ्यात तेल जाऊ देऊ नये.

'वॉटरप्रूफ' आणि 'वॉटर रेझिस्टंट' हे दोन शब्द एक नव्हेत. दुसऱ्याचा अर्थ थोडा वेळ पाण्याला टिकणारा इतकाच. शिवाय कोकणातल्या दमट हवेत पावसाइतकाच घाम आणि चेहऱ्याचा तेलकटपणा त्रास देतो. तेलाने सुटणारा रंग तेलकट त्वचेवरही लवकर फिसकटतो. म्हणून गिऱ्हाइकाला जाड थर देण्याचा सल्ला देऊ नये. चेहऱ्याला कमीत कमी आणि डोळ्यांना, ओठांना टिकाऊ, हा हिशेब पावसाळ्यात बरा.

कापडवाल्याची परीक्षा

कापडाचा रंग पक्का की कच्चा हे आपण ओले पांढरे फडके घासून पाहतो. तीच परीक्षा येथेही चालते. नवा माल आला की प्रत्येक जातीचा एक नग आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावावा, दहा मिनिटे सुकू द्यावा, वरून पाणी सोडावे आणि पांढऱ्या मलमलीने दाबून पाहावे. नंतर तेलाने काढून पाहावा. दोन्ही परीक्षांत उतरेल तोच माल कपाटात ठेवावा.

मात्र गिऱ्हाइकांसाठी उघडी ठेवलेली नमुन्याची कांडी डोळ्यांना लावू देऊ नये. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात डोळे येण्याची मोठी साथ आली होती. एकच काजळ दहाजणींच्या डोळ्यांना लागले तर आपले दुकानच रोग वाटणारे ठरेल. नमुना हाताच्या पाठीवर दाखवावा.

लेबल वाचून माल घ्या

१९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम किरकोळ दुकानदारानेही माहीत करून घ्यावेत. खोक्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापरण्याची मुदत पाहिजे. परदेशी माल असेल तर आयातदाराचे नाव आणि नोंदणी क्रमांक पाहिजे. रंगासाठी शिसे किंवा आर्सेनिकची संयुगे वापरण्यास कायद्याने मनाई आहे. घाऊक बाजारात बिनलेबलचे काजळ डझनावर स्वस्त मिळते, पण त्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. दोन पैशांच्या नफ्यासाठी कोणाच्या लेकीचे डोळे पणाला लावू नयेत. गेल्या मोसमातील दमट झालेला मालही बाजूला काढावा.

वजूचा प्रश्न

वजूत चेहऱ्याच्या कातडीपर्यंत पाणी पोहोचले पाहिजे. पाणी अडवणारा पापुद्रा ओठांवर, पापण्यांवर किंवा नखांवर असेल तर तो आधी काढावा लागतो. मेंदीचा केवळ रंग उरतो, थर राहत नाही, म्हणून तिची अडचण नाही. वजू करून मग मेकअप केला तर वजू तुटेपर्यंत नमाज पढता येते. ही साधी गोष्ट लग्नाला निघालेल्या भगिनींना सांगितली तरी त्यांची मोठी काळजी मिटते. पाणी आत जाऊ देतो असे सांगून विकल्या जाणाऱ्या नेलपॉलिशबद्दल मात्र दुकानदाराने फतवा देऊ नये. गिऱ्हाइकाला आपल्या आलिमसाहेबांकडे पाठवावे.

हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी धान्याच्या राशीत हात घातला आणि आतला माल ओला निघाला, ही हकीकत आपण सर्वांनी ऐकली आहे. विकणाऱ्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्याला विचारण्यात आले. पाऊस पडणे हा त्याचा गुन्हा नव्हता, झाकणे हा होता.

आता आमच्या कपाटाजवळ खोबरेल तेलाच्या छोट्या बाटल्या ठेवल्या आहेत. वॉटरप्रूफ माल मागणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आम्ही आधी काढायचा कसा ते सांगतो आणि मग भाव सांगतो. एखादी भगिनी ते ऐकून साधे काजळच घेऊन जाते. त्या विक्रीत नफा कमी होतो, पण ती पुढच्या ईदला पुन्हा आपल्याच दुकानात येते. अल्लाह आपल्या सर्वांच्या तिजारतीत बरकत देवो. आमीन.