दुधाचे चीज, घरच्या तव्यावर

पहाटे उठून धारा काढायच्या, उजाडायच्या आत कॅन डेअरीवर पोचवायचा आणि घरात चहापुरते लिटरभर दूध ठेवायचे, हे तुम्हाआम्हाला नवे नाही. मग सुट्टीला आलेला मुलगा एक दिवस म्हणतो, "आई, शहरात चीज टोस्ट मिळतं, तसं कर ना." आपल्याला वाटते, दूध तर घरचे आहे, मग अडते कुठे? पनीर करू, ब्रेडमध्ये घालू, तव्यावर भाजू.

मीही तेच केले. दोन लिटर दूध नासवले, पनीर भरले आणि भाकरीला तापवावा तसा तवा तापवला. ब्रेड बाहेरून काळा झाला आणि आतले पनीर घातले तसेच, भगराळे. मुलाने "छान झालंय" म्हणत खाल्ले, पण कडा हळूच मोत्याला घातल्या. त्या दिवशी जिन्नसही चुकला होता आणि आचही.

आधी जिन्नसाचे पाहू. लिंबाने दूध नासवले की आंबटपणामुळे दुधातला चुन्याचा बराच अंश निवळीत निघून जातो आणि चोथा घट्ट धरतो. तो कितीही तापवा, वितळत नाही. पालक पनीरमधले तुकडे शाबूत राहतात ते यामुळेच. चीजची रीत वेगळी. त्यासाठी दूध नासवत नाहीत. कोमट दुधाला विरजण लावून रेनेट नावाचे विकर घालतात, धरलेल्या दुधातली निवळी काढतात, मीठ घालून दाबतात आणि कित्येक आठवडे, महिने मुरवतात. गायीच्या सुमारे १० लिटर दुधाचे १ किलो चीज होते.

आपल्या दुकानात क्यूब किंवा चकत्या मिळतात, ते बहुधा प्रक्रिया केलेले चीज असते. मुरलेले चीज वितळवून त्यात काही क्षार मिसळतात. त्यामुळे पुन्हा तापवले तरी तूप वेगळे सुटत नाही, सगळे एकजीव राहते. अमेरिकेत जेम्स क्राफ्टने अशा रीतीचे पेटंट १९१६ साली घेतले. पुढे १९२८ साली मिसुरी राज्यातल्या चिलिकोथी गावात यंत्राने कापलेला ब्रेड विकायला आला. कापलेला ब्रेड आणि न फुटणारे चीज घरात आल्यावर तव्यावरचे हे सँडविच तिकडे घरोघरचे झाले. आपल्या म्हशीचेही यात देणे आहे बरे का! म्हशीच्या दुधाची भुकटी होणार नाही, असे परदेशी जाणकार म्हणत असताना आणंदच्या सहकारी संघाने १९५५ साली ती करून दाखवली आणि पुढे म्हशीच्या दुधाचे चीजही केले.

घरात कोणी माळकरी असतील तर एक शंका हमखास निघते. पूर्वीपासून रेनेट वासराच्या जठरातून काढत, हे खरे आहे. पण आता बुरशीसारख्या सूक्ष्म जीवांपासून मिळणारे विकरही वापरतात. पाकिटावर हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका असेल तर ते चीज शाकाहारी. सासूबाईंना पाकीट दाखवूनच चूल पेटवा, म्हणजे नंतर बोलणी नकोत.

पाकीट हातात आहे तोवर मागची बारीक अक्षरे मुलांकडून वाचून घ्या. दुधाऐवजी वनस्पती तेल घालून केलेला चीजसारखा पदार्थही बाजारात असतो. त्यावर 'अॅनालॉग' असे लिहिलेले असते. तो स्वस्त पडतो, पण दुभत्यावर घर चालवणाऱ्याने पैसे देऊन तेल का आणावे, असे मला वाटते.

आता करायला घेऊ. ब्रेड आदल्या दिवशीचा असला तर उत्तम. ताजा लुसलुशीत ब्रेड तव्यावर दबतो आणि लगद्यासारखा होतो. एका सँडविचला २५ ग्रॅमचा एक क्यूब किसून घ्या, मुले हट्टी असतील तर दीड. तुकडे ठेवू नका. कीस लवकर आणि सगळीकडे सारखा वितळतो. मीठ घालायचे नाही, चीजमध्ये पुरेसे असते.

लोणी ब्रेडच्या बाहेरच्या बाजूला लावायचे, तव्यावर सोडायचे नाही. तव्यात सोडले तर ब्रेडचा एक कोपरा सगळे पिऊन टाकतो आणि बाकीचा कोरडा राहतो. घरच्या लोण्यात ताकाचा अंश असतो. तो तडतडतो आणि लवकर करपतो. म्हणून मी अर्धे लोणी आणि अर्धे तूप फेटून पातळ थर लावते. नुसते तूपही चालते, पण लोण्याची चव येत नाही.

खरी परीक्षा आचेची आहे. भाकरीला जाळ लागतो, याला निखारा. चूल असेल तर लाकडे बाहेर ओढा आणि नुसत्या निखाऱ्यावर काम करा. गॅस असेल तर अगदी बारीक ठेवा. तवा कोमटाहून थोडा जास्त तापला की सँडविच ठेवा आणि वर ताट झाका. आतला उबारा कोंडला की चीज वितळायला लागते. तीनचार मिनिटांनी कड उचलून पाहा. खालची बाजू गव्हाच्या रंगाची झाली की एकदाच उलटा, उलथन्याने हलकेच दाबा आणि दुसरी बाजू झाकण न ठेवता भाजा, म्हणजे वाफ न धरता कुरकुरीत होते. घाई केलीत की माझ्या मोत्याची चैन झालीच म्हणून समजा.

नुसते चीज आपल्या जिभेला सपक लागते. कोथिंबीर, हिरवी मिरची आणि लसूण यांची चटणी पाणी न घालता वाटा आणि आतून पुसटशी लावा. मुंबईच्या रस्त्यावरचे सँडविचवाले लांब दांड्याच्या चिमट्यासारख्या टोस्टरमध्ये बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो असे काय काय भरतात. तव्यावर तेवढे भरू नका, उलटताना सांडते. टोमॅटो घालायचाच तर बिया आणि पाणी काढून. कांदा मात्र बारीक चिरून चीजमध्ये मिसळला तर फार छान लागतो. आणि पनीर उरलेच असेल तर तेही कुस्करून घाला, मात्र निम्मे पनीर आणि निम्मे चीज असे. वितळलेले चीज त्याला सांभाळून घेते.

हे काही रोजचे खाणे नव्हे. त्यात मीठ आणि स्निग्धांश भरपूर असतो, आणि रोज खायचे म्हटले तर खिशालाही झेपायचे नाही. ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे त्यांना अर्धेच द्या.

तव्यावरून काढल्यावर मिनिटभर थांबून कापा. लगेच कापले तर चीज ओघळते आणि जीभ पोळते ती वेगळीच. पण फार थांबूही नका, गार झाले की ते चामड्यासारखे होते. म्हणून सगळ्यांचे एकदम करून ठेवण्यात अर्थ नाही. ज्याचे त्याने तव्यापाशी येऊन खावे. आपल्याकडे करणारीच्या वाट्याला नेहमी शेवटचे, गार झालेले येते. मी मात्र आता पहिले सँडविच स्वतःच खाते. आच बरोबर लागली की नाही, ते कळायला नको?