लेकीचा वाटा आणि वरच्या कोर्टाचा हुकूम

तेरणा साखर कारखान्यामुळे दूरवर ठाऊक असलेल्या ढोकीत जमिनीच्या वाटणीची गोष्ट निघाली, की ‘1994 पूर्वी उजवलेल्या मुलीला वाटा नाही’ हे वाक्य अशा ठामपणे उच्चारले जाते, की ऐकणाऱ्यास ते कालच्याच निकालातले वाटावे. वाक्य निराधार नाही, शिळे आहे. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलीस सहदायिकाचा हक्क दिला, तेव्हा त्यापूर्वी विवाह झालेल्या मुली वगळल्या होत्या; 9 सप्टेंबर 2005 पासून अमलात आलेल्या केंद्रीय दुरुस्तीत ती अट उरली नाही.

पुढे न्यायालयांतच मतांतरे झाली, म्हणून गावाच्या घोटाळ्याचा दोष मी गावाला थोडाच देईन. दुरुस्तीच्या दिवशी मुलगी हयात असली म्हणजे पुरे, तिचा जन्म केव्हाचा हे गौण, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2014 मध्ये ठरविले. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी पिताही हयात हवा असे म्हटले. आणि 11 ऑगस्ट 2020 रोजी त्याच न्यायालयाच्या त्रिसदस्य पीठाने, हा हक्क जन्मसिद्ध असल्याने पित्याच्या हयातीचा प्रश्नच उद्भवत नाही, असा निर्वाळा देऊन तो वाद मिटविला. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत दस्ताने वा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी अबाधित राहते. ‘तोंडी वाटण्या केव्हाच झाल्या’ ही कैफियत सार्वजनिक दस्तऐवजांच्या सबळ आधारावाचून सहसा टिकत नाही.

पित्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत तर, तो मृत्युपत्र न करता वारल्यास, विवाहित मुलगी 1956 च्या कायद्यापासूनच मुलाच्या बरोबरीची वारस आहे. सातबारावर तिचे नाव नाही, एवढ्याने तो हक्क बुडत नाही. फेरफार हा महसुलाच्या सोयीचा लेख, मालकीचा निवाडा नव्हे.

दुसरा समज अपिलाविषयीचा. बहिणीच्या बाजूने हुकूमनामा झाला आणि भावाने छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात अपील गुदरले, की खालचा निकाल थांबला असे धरून चालतात. वस्तुतः स्थगितीचा स्वतंत्र हुकूम नसेल तर बहिणीस दरखास्त दाखल करण्यास प्रत्यवाय नाही. फौजदारीतही शिक्षा स्थगित होऊन जामिनावर सुटलेला आरोपी निर्दोष ठरत नाही; दोषसिद्धी अपिलाच्या निकालापर्यंत उभीच असते, आणि पारावर मात्र त्याच्या सुटकेचे फटाके केव्हाच वाजून गेलेले असतात.