पोरगं सकाळी उठत का नाही?

दहावीतलं पोरगं दहा हाका मारूनही उठत नाही, म्हणून तुम्ही त्याला आळशी ठरवता. जरा थांबा. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन नावाचं झोपेचं द्रव्य पाझरू लागतं. वयात येताना ते मुळातच उशिरा पाझरतं. त्यात डोळ्यांपुढे मोबाईलचा उजेड, म्हणजे आणखी उशीर. शिवाय ‘एवढा एकच व्हिडिओ’ ही ओढ आहेच. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. बाराला डोळा लागला नि पाचला उठवलं, तर हिशेब तुम्हीच करा.

रागाने मोबाईल आपटू नका. अभ्यासही त्यावरच येतो. जेवणं झाली की सगळ्यांचे मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. सगळ्यांचे म्हणजे तुमचाही! रात्रीची लाईट असेल, मोटार चालू करायला उठायचं असेल, तर गजराचं साधं घड्याळ आणा.