भाडेकरू पाहिजे, पण त्याची जात विचारून!

भिवंडीच्या कल्याण नाक्यापासून शांतीनगरकडे किंवा महामार्गावर माणकोली, राहनाळ, पूर्णा, काल्हेर या पट्ट्यात संध्याकाळी फेरी मारली, तर भिंतीवर, विजेच्या खांबावर एकच मजकूर दिसतो : ‘रूम भाड्याने देणे आहे’. बऱ्याच ठिकाणी हाच मजकूर हिंदीतही असतो. कारण खोली घेणारा माणूस बहुधा उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, ओडिशातून किंवा तेलंगणातून आलेला असतो, हे घरमालकाला पक्के ठाऊक असते. तरीही तोच घरमालक आमच्याकडे येतो आणि तक्रार करतो, “वकीलसाहेब, खोल्या रिकाम्या पडतात. बाहेरचा माणूस येतो, दोन-चार महिने राहतो आणि निघून जातो. चांगला भाडेकरू टिकत नाही. काय करावे?”

हा प्रश्न वरकरणी धंद्याचा वाटतो. आमच्या मते तो धंद्याचा आहे तेवढाच संविधानाचाही आहे. तो आपल्या वाचकांपुढे मांडण्याचे आणखी एक कारण आहे. आता आपल्या समाजातही घरमालक झाले आहेत. ज्यांच्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर राहावे लागले, त्यांच्यापैकी काहींनी नोकरीच्या पैशातून, जमिनीच्या मोबदल्यातून दोन-चार खोल्या बांधल्या आणि त्यावर त्यांचे घर चालते. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु घरमालक झालेला आपला माणूस खोलीच्या दारात उभा राहून काय विचारतो, हे तपासण्याची वेळ आली आहे.

भिवंडी हे गावच मुळी बाहेरून आलेल्या माणसांनी उभे केले. १८५७ च्या उठावानंतर उत्तर भारतातून विस्थापित झालेले विणकर येथे येऊन वसले. हातमागाचा पुढे यंत्रमाग झाला. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या नावाची पद्मानगर ही वस्ती आजही त्याची साक्ष देते. नंतर गोदामे आली आणि माल चढवणारे, उतरवणारे, बांधणारे हजारो हात आले. यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी असते. एका खोलीत दिवसपाळीचे कामगार उठून गेले की त्याच जागी रात्रपाळीचे येऊन झोपतात. जेवण भिस्सीत आणि झोप पाळीपाळीने! या शहराचा कापडधंदा या माणसांच्या घामावर चालतो. मग त्यांना खोली देताना घरमालकाने उपकाराची भाषा का करावी?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा यंत्रमाग थांबले, भिस्स्या बंद पडल्या. २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने आदेश काढला की घरमालकाने कामगारांकडून एक महिन्याचे भाडे मागू नये. १७ एप्रिल २०२० रोजी राज्याच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी आणि भाडे थकले म्हणून कोणाला घराबाहेर काढू नये, असे सांगितले. किती खोल्यांपर्यंत हे आदेश पोहोचले? त्याच मे महिन्याच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरला श्रमिक गाडी सुटली. अनेकजण त्याआधीच नाशिक महामार्गाने पायी निघाले होते. पुढे माग सुरू झाले आणि माणसे परतली. कोणत्या मालकाने त्या महिन्यांत धीर धरला आणि कोणी कुलूप ठोकले, हे गावाकडे गेलेला माणूस विसरला नव्हता. परराज्यातला भाडेकरू वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून येत नाही. तो गाववाल्याच्या सांगण्यावरून येतो. एका भाडेकरूला दिलेली वागणूक आझमगडच्या किंवा गंजमच्या एखाद्या गावात पोहोचते आणि तिथून पुढचा भाडेकरू येतो किंवा येत नाही. घरमालकांनी ही पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीच्या पटेल कंपाऊंडमधील जिलानी इमारत कोसळली. पस्तीसहून अधिक माणसे झोपेतच दगावली, त्यात लहान मुले होती. २९ एप्रिल २०२३ रोजी वळपाडा येथील वर्धमान कंपाऊंडमधील इमारत पडली. खाली गोदाम आणि वर राहती माणसे, अशी ती रचना होती. तेथे आठ जण गेले. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी मालकाने किंवा भोगवटादाराने करून घ्यायची असते. भाडे नियंत्रण कायद्याचे कलम १४ दुरुस्तीची जबाबदारी घरमालकावर टाकते. भिंतीला रंग लावून भाडेकरू आणता येईल, पण गळके छत आणि वाकलेला खांब रंगाने झाकला तर तो गुन्ह्याकडे नेणारा रस्ता आहे. मुलाबाळांसह येणारे कुटुंब आधी छताकडे बघते, मग भाड्याकडे. तपासणीचे प्रमाणपत्र दाखवणाऱ्या मालकाची खोली आधी जाईल, याबद्दल आम्हाला शंका नाही.

तिसरी गोष्ट कागदाची. आमच्या वकिलीच्या अनुभवात घरमालक-भाडेकरूंचे निम्मे तंटे कागद नसल्याने होतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, भाडेकरूची नाही! नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर अटी काय होत्या याबाबत, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. म्हणजे कागद न करण्यात चतुराई मानणारा घरमालक स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो.

खर्चाचा बाऊ केला जातो, म्हणून हिशेबच मांडू. समजा महापालिका हद्दीत महिना ४,००० रुपये भाडे, २०,००० रुपये अनामत आणि ११ महिन्यांचा करार आहे. मुद्रांक शुल्क पाव टक्का म्हणजे साधारण शंभर-सव्वाशे रुपये आणि नोंदणी फी १,००० रुपये. ऑनलाइन नोंदणी होते, तिची थोडी हाताळणी फी वेगळी. आता हीच खोली वर्षात दीड महिना रिकामी पडली तर बुडणारे भाडे होते ६,००० रुपये. कोणता सौदा फायद्याचा, हे सांगायला वकील लागत नाही. परराज्यातल्या माणसाला तर या कागदाचे मोल सोन्याचे आहे. आधारवरचा पत्ता, बँकेचे खाते, मुलाचा शाळाप्रवेश, सगळीकडे राहण्याचा पुरावा मागतात. जो घरमालक पहिल्याच दिवशी “करार नोंदवून देतो, दर महिन्याला पावती देतो” म्हणतो, त्याचे दार भाडेकरू सहसा सोडत नाही. पावती देणे हाही उपकार नव्हे. त्याच कायद्याच्या कलम २६ प्रमाणे ते बंधनकारक आहे.

करार मराठीत असावा, पण तो हिंदीत किंवा तेलुगूत वाचून दाखवावा. चारजण राहणार असतील तर चौघांची नावे त्यात लिहावीत. एकाचे नाव लिहून तिघांना ‘पाहुणे’ ठरवले की भांडण झाल्यावर त्या तिघांना कोणताच आधार उरत नाही. अनामत एक-दोन महिन्यांच्या भाड्याइतकीच ठेवावी आणि किती दिवसांत परत मिळेल ते लिहावे. होळीला, छटपूजेला किंवा शेतीच्या हंगामाला कामगार गावी जातो, तेव्हा खोली अर्ध्या भाड्यात राखून ठेवण्याची अट आधीच घालावी. पोटमीटर असेल तर युनिटचा दर बिलाप्रमाणेच घ्यावा. आणि भाडे थकले म्हणून पाणी किंवा वीज तोडू नये, कारण कलम २९ त्याला सक्त मनाई करते. थकबाकी वसुलीला न्यायालय आहे. पोलिसांना भाडेकरूची माहिती देण्याचे आदेश वेळोवेळी निघतात, ती माहिती देण्याचे काम मालकाचे आहे. भाडेकरूला चौकीत हेलपाटे घालायला लावू नयेत आणि त्याच्याकडे संशयित म्हणून बघू नये.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. काही काळापूर्वी पूर्व उत्तर प्रदेशातून आलेला एक तरुण आमच्याकडे आला. गोदामात तो हिशेबाचे काम करीत होता. खोली पसंत पडली, भाडे ठरले, आगाऊ रक्कमही दिली. करारासाठी आधारकार्ड दिले आणि त्यावरचे आडनाव पाहून दुसऱ्या दिवशी रक्कम परत! कारण काय, तर “घरचे नाही म्हणतात.” या तरुणाने आम्हाला विचारले, “साहेब, हमारे यहाँ का कागज़ यहाँ चलता नहीं, तो यह जाति यहाँ कैसे चलती है?” त्या प्रश्नापुढे आम्ही निरुत्तर झालो होतो. त्याच्या राज्यातल्या अनुसूचित जातीच्या दाखल्यावर त्याला महाराष्ट्रात आरक्षण मिळत नाही, हे खरे. परंतु संरक्षण मिळते! २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केले की अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण देशात कोठेही आहे, स्थलांतर केले म्हणून ते संपत नाही. आणि नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ चे कलम ४ तर थेट सांगते की अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहत्या जागेचा भोगवटा करण्यास आडकाठी करणे गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड. पीडित अनुसूचित जातीचा असेल तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे कलम १२ प्रमाणे न्यायालय गृहीत धरते. उलट सिद्ध करण्याचा भार नाकारणाऱ्यावर. किती घरमालकांना हे माहीत आहे? किती कार्यकर्त्यांना माहीत आहे?

संविधानाच्या कलम १९(१)(ङ) ने प्रत्येक नागरिकाला देशात कोठेही राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क दिला. कलम १५(२) मध्ये दुकाने, हॉटेले, विहिरी यांचा उल्लेख आहे, भाड्याच्या खोलीचा नाही. परंतु ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ बाबासाहेबांनी संविधान सभेत व्यापक सांगितला होता आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तो आधाराला घेतला. जो भिंतीवर पाटी लावून सर्वांना खोली देऊ करतो, तो जात बघून दार बंद करू शकतो काय, हा प्रश्न आपल्या वकिलांनी न्यायालयात नेटाने लढवला पाहिजे.

बाबासाहेब स्वतः परप्रांतात गेलेले भाडेकरू होते, हे आपण विसरता कामा नये. १९१७ च्या सप्टेंबरात ते मुंबईहून बडोदा संस्थानच्या नोकरीवर गेले. परदेशात शिकून आलेल्या या विद्वानाला राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव आला आणि त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगितले. एका हिंदू व एका ख्रिस्ती मित्राकडे विचारणा केली, दोघांनी टाळले. कमाटी बागेत वेळ काढून रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये त्यांनी हे सारे लिहून ठेवले आहे. विहारात आपण हा प्रसंग सांगतो तेव्हा आपले डोळे पाणावतात.

आणि मग घरी येऊन आपलाच एखादा बांधव म्हणतो, “भैय्याला खोली देणार नाही,” “मुसलमान नको,” “एकटी बाई नको.” समाजबांधवांनो, हे कोणत्या तोंडाने म्हणायचे? परप्रांतीयांविरुद्ध भाषणे करणारे पुढारी खोलीच्या भाड्याचा हिशेब कधी विचारायला येत नाहीत. भाड्याने देताना माणसाचे काम विचारा, राहणाऱ्यांची संख्या विचारा, आधीच्या मालकाकडे चौकशी करा. हे सारे रास्त आहे. जात, धर्म, भाषा विचारू नका.

आमची सूचना अगदी साधी आहे. भिवंडीतील आपल्या प्रत्येक विहारात रविवारी दोन तास एक सुशिक्षित तरुण व एक वकील बसावा. घरमालकांना करार ऑनलाइन नोंदवून द्यावा, भाडेकरूंना पावती व अनामतीचे नियम समजावून सांगावेत, जात पाहून खोली नाकारल्याची तक्रार आली तर ती लिहून घ्यावी आणि पोलीस ठाण्यापर्यंत सोबत जावे. सुरुवात आपल्या घरमालकांपासून करू. ज्यांच्या खोल्या आहेत त्यांनी येत्या महिन्यात आपला करार नोंदवावा आणि पाटीवर ‘कोणत्याही जातीधर्माच्या माणसास खोली मिळेल’ एवढी एक ओळ लिहावी. गोरखपूरहून, करीमनगरहून येणारा माणूस ती ओळ वाचेल आणि दार ठोठावेल. बडोद्यात अशी एक पाटी त्या संध्याकाळी कोणाच्याच दारावर नव्हती.

जयभीम!