शिशाची थरथर मोजणारे न्यूट्रॉन

धातूतले अणू जागच्या जागी सतत थरथरतात. ही थरथर मोजायची कशी? क्ष-किरणाची ऊर्जा हजारो इलेक्ट्रॉन-व्होल्ट. तिच्यात थरथरीमुळे पडणारा काही मिलि-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फरक शोधणं म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर हळकुंड तोलणं! अणुभट्टीतल्या मंदावलेल्या न्यूट्रॉनची ऊर्जाच मुळात साधारण २५ मिलि-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, शिवाय तरंगलांबी अणूंमधल्या अंतराच्या आसपास. त्यामुळे स्फटिकातून विखुरताना न्यूट्रॉनच्या ऊर्जेत झालेली वाढ-घट ठसठशीत कळते.

कॅनडातल्या चॉक रिव्हरला बर्ट्राम ब्रॉकहाउस यांनी १९५०च्या दशकात यासाठी त्रि-अक्षीय स्पेक्ट्रोमीटर घडवला. नोबेल मिळालं थेट १९९४ साली!

माझी आवडती गोष्ट १९६१ची. शिशाच्या कंपनांच्या आलेखात बारीक खाचा सापडल्या, मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे पडणाऱ्या. भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर कोन यांनी त्या खाचांचं भाकीत आधीच केलं होतं. खाचांचा शोध मांडणाऱ्या ब्रॉकहाउस यांच्या शोधनिबंधाच्या सहलेखकांत आपल्या ट्रॉम्बेचे के. आर. राव होते.