चिऊला कसली अ‍ॅसिडिटी?

माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये तीन गोष्टी कायम असतात. मोबाइलचा चार्जर, खाकऱ्याचं पाकीट आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांची स्ट्रिप. डेडलाइन, वडापाव, चौथा चहा आणि मग गोळी. तुमचंही तेच ना? म्हणूनच माझ्या तीन महिन्यांच्या लेकीला डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटीचं औषध लिहून दिलं, तेव्हा मला काही वावगं वाटलं नाही. 'आईवर गेलीय,' एवढंच मनात आलं!

झालं असं, की चिऊ दूध प्यायली की गुळणी टाकायची. माझ्या खांद्यावर, तिच्या बाबाच्या इस्त्रीच्या शर्टवर, एकदा तर थेट लॅपटॉपवर. संध्याकाळ झाली की रडारड. त्यात माझी मॅटर्निटी लीव्ह संपत आलेली. रात्री दोन वाजता नेटवर शोधाशोध करून मी स्वतःच निदान केलं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना म्हटलं, "काहीतरी द्याच." त्यांनी दिलं.

आई सांगत होती, "अगं, लहान बाळं टाकतातच दूध. वजन वाढतंय ना तिचं?" पण तेव्हा आईचं कोण ऐकतंय!

तीन आठवडे झाले, गुळण्या तेवढ्याच. लशीच्या निमित्ताने दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वजन वाढतंय का?" मी मनातल्या मनात आईची माफी मागितली.

मग त्यांनी समजावलं. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधलं दार बाळांमध्ये मधूनमधून सैल पडतं. त्यात आहार सगळा पातळ आणि बाळ दिवसभर आडवं. दूध वर येणारच. चौथ्या महिन्याच्या सुमारास हे सगळ्यात जास्त असतं आणि वर्ष-दीड वर्षात बहुतेकांचं आपोआप थांबतं. औषधाने फक्त पोटातलं आम्ल कमी होतं, दूध वर येणं थांबत नाही. म्हणजे गुळणी तेवढीच, फक्त कमी आंबट!

घरी येऊन मी जरा वाचलं. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 162 बाळांपैकी निम्म्यांना लॅन्सोप्रॅझोल हे औषध दिलं, निम्म्यांना नुसतंच तसं दिसणारं काहीतरी. रडणं कमी झालं दोन्हीकडे सारखंच, 54 टक्के बाळांचं. पण गंभीर त्रास औषधवाल्या गटात 10 बाळांना, दुसऱ्या गटात फक्त 2 बाळांना. त्यात छातीचा संसर्ग ठळक होता. जठरातलं आम्ल म्हणजे काही शत्रू नव्हे, पोटात जाणारे जंतू तेच मारतं. 2018 साली युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांनीही सांगितलं, की एरवी ठणठणीत बाळाला नुसत्या रडण्यासाठी किंवा गुळण्यांसाठी ही औषधं देऊ नका.

खरं सांगू? औषध चिऊला नकोच होतं. ते मला हवं होतं. काहीतरी केल्याचं समाधान!

अर्थात, काही मुलांना हे औषध खरंच लागतं. उदाहरणार्थ, अन्ननलिकेला आम्लाने जखम झाली असेल तर. त्यामुळे सुरू असलेलं औषध परस्पर बंद करू नका. डॉक्टरांना फक्त तीन प्रश्न विचारा. हे नेमकं कशासाठी? किती दिवस? आणि थांबवायचं कधी?

हे लक्षात ठेवा

* थोडं थोडं दूध पाजा, मधेच ढेकर काढा.
* पाजल्यावर वीस-तीस मिनिटं बाळाला उभं धरा.
* झोपवताना मात्र पाठीवर आणि सपाटच.
* हिरवी किंवा रक्ताची उलटी, जोराची फवाऱ्यासारखी उलटी, वजन न वाढणं, दूध नाकारणं, ताप यांपैकी काहीही दिसलं तर लगेच डॉक्टर गाठा.

चिऊ आता दीड वर्षाची आहे. गुळण्या कधी थांबल्या, कळलंही नाही. माझ्या ड्रॉवरमधली स्ट्रिप मात्र अजून तिथेच आहे. माझा त्रास काही वयाने जाणारा नाही. तो चौथा चहा तेवढा बंद करावा म्हणते!